निंबाखालची जागा

नातीच्या, नूतनच्या रडण्याला केसरबाई विटल्या होत्या. चौथी पास झालेली घोडी. गावच्या शाळेत वाघिणीसारखी वावरली आणि पारोळ्याच्या हायस्कुलात पाचवीला घातली, तर दारातच भोकाड. माय समोरच्या निंबाखाली बसलेली दिसली तरच पोरीचं पाऊल आत पडे. नाही तर फाटकाचा गज सुटत नसे.

लाडाने पोर नासली, असं त्या गल्लीभर सांगत. पोरीवर जेवढा राग, त्याच्या दुप्पट सुनेवर.

खरं तर हे खूळ पोरीच्या वर्गशिक्षिकेने, मेघा मॅडमने काढलं होतं. शाळा उघडली तेव्हा पालकांना बोलावून ती म्हणाली होती, की छोट्या शाळेतून मोठ्या शाळेत आलेली लेकरं बिचकतात, तर सुरुवातीला घरचं कोणी आसपास असलं तर बरं. आपल्याला परकर सुटायच्या आधी सासरी धाडलं, तेव्हा दारात कोणी बसलं नव्हतं, असं केसरबाईंनी मुलाला सुनावलं. युवराज धुळ्याला टेम्पो चालवायचा, सुटीपुरता घरी यायचा. त्याने ऐकून घेतलं आणि बायकोला म्हणाला, तू जात जा.

तेव्हापासून सविता जाऊ लागली. कोंबडं आरवायच्या आत उठून गुरांचं, चुलीचं, धुण्याचं सगळं उरकायची आणि पोरीला घेऊन काळीपिवळीत बसायची. मधल्या सुट्टीत पोरीला तोंड दाखवून परत यायची. कामात खोट काढायला जागा नव्हती, हेच केसरबाईंना जास्त खुपत होतं. त्यात ती इस्त्रीची साडी नेसू लागली. निंबाखाली बसायला इस्त्री कशाला लागते? एकदा तर तिने आरशासमोर टिकली दोनदा बदलली.

तशी सून ऊठसूट माहेरी पळणारी नव्हती. मायबाप मेले, भावाने घर विकून सुरत गाठली. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, गावातल्या साऱ्या सुना माहेरी जात, सविता कुठे जाणार? यंदाही केसरबाईंच्या लेकी माहेरी आल्या, झोक्यावर बसून गाणी म्हणाल्या, आणि मांडे भाजले सविताने. सुनेला आणायची-पोचवायची कटकट नाही, म्हणून केसरबाई स्वतःला नशीबवान समजत.

श्रावण लागला तरी नूतनचं रडणं थांबेना. शेवटी केसरबाईंनी फर्मान काढलं. उद्यापासून पोरीसोबत त्या जातील. बघू कशी रडते.

नूतन रात्री जेवली नाही. आईच पाहिजे म्हणून हटून बसली. सविताने तिची समजूत घातली, डबा घासला आणि इस्त्रीची साडी घडी करून पेटीत ठेवली.

सकाळी फाटकाशी नूतनने आजीकडे एकदा पाहिलं. डोळ्यांत टिपूस नाही. दप्तर सावरून ती आत गेली, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

केसरबाईंची मान ताठ झाली. आपल्या नुसत्या सावलीने काम होतं, त्याला रोज माय कशाला?

निंबाखाली आणखी काही बाया होत्या, आसपासच्या खेड्यांतल्या. गोणपाटावर बसून शेंगा फोडत होत्या. त्यांतल्या सुगंधाबाईने विचारलं, सविता का नाही आली? तिच्याशिवाय बसायला गोडी नाही, म्हणाली. नकला करून करून पोट दुखवते.

सविता? केसरबाईंना वाटलं, ही बाई दुसऱ्याच कोणाबद्दल बोलते. त्यांच्या घरात सविताचे दात कधी दिसले, हे त्यांना आठवेना.

त्या आठवडाभर गेल्या. पोर एकदाही रडली नाही. गल्लीत त्यांनी ते तिखटमीठ लावून सांगितलं, आणि चुलीपुढे सुनेला ऐकवलं, की पोरीची खोड मोडायला घरात एक माणूस कडक लागतं. सविता म्हणाली, "बरं झालं, आत्याबाई." आणि भाकरी उलटली. ती करपली होती. सविताची भाकरी कधी करपत नसे.

शनिवारी शाळा सुटल्यावर मेघा मॅडम फाटकाशी भेटली. केसरबाईंनी पदर नीट करून विचारलं, आता तरी पोर सुधारली ना? वर्गात रडत तर नाही?

मॅडमला प्रश्नच कळेना. नूतन आणि रडणं? ती तर पहिल्या दिवसापासून वर्गात हसत येते. खेड्यावरून आलेली लेकरं बावरली, तर तीच त्यांना हाताला धरून पाणी दाखवते, वर्ग दाखवते. मॅडम पुढे म्हणाली, "मी तिला म्हटलं होतं, आता आईला यायची गरज नाही, घरी सांग. तिने सांगितलं नाही का?"

गावच्या फाट्यावर काळीपिवळीतून उतरून वाटेला लागल्यावर केसरबाईंनी नातीचा दंड धरला.

"मंग दारमा कसाले रडे तू?"

नूतनने दंड सोडवून घेतला नाही. खाली बघून म्हणाली, "बठ्ठ्या बाया आखाजीले माहेर जातस. मन्ही मायले माहेर नही. तठे निंबखाले बसनी का ती हासस."

समोर घर दिसत होतं. दारात सविता उभी होती, गुरांचं शेण हाताला तसंच. केसरबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग नातीचा दंड सोडला.

"माहेर रोज नही ऱ्हास, पोरी," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून तू एकली शाळामा जाशी."