खांड्याची बायको

रावजी कारभाऱ्यांनी घडी केलेला कागद छापखान्याच्या टेबलावर ठेवला आणि मथुराबाईंना सांगितलं, चरित्राचं शेवटचं पान हे असं जाईल, तुम्ही फक्त खाली सही करा.

मथुराबाईंनी कागद उलगडला. अक्षर वळणदार, मजकूर नेहमीचाच. राजेसाहेब कैलासवासी झाल्यावर मायाक्का राणीसाहेबांनी सौभाग्यलेणी उतरवली आणि उरलेलं आयुष्य पांढऱ्या वस्त्रात, नामस्मरणात घालवलं. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि कागद परत सरकवला.

"हे खोटं आहे," त्या म्हणाल्या.

छापखान्याचे मालक शरणप्पा छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता थांबले. सोलापुरात वीस वर्षं छापखाना चालवलेला माणूस, पण संस्थानच्या कारभाऱ्याला तोंडावर खोटं म्हणणारी बाई त्यांनी आज, चौतीस साली, पहिल्यांदा पाहिली.

चूक रावजींचीच होती म्हणा. वर्षापूर्वी आत्ताच्या राजेसाहेबांना आपल्या सावत्र पणजीचं चरित्र छापावंसं वाटलं, तेव्हा रावजींनी मुलींच्या शाळेतल्या या मास्तरीणबाईंना गाठलं. राणीबद्दल संस्थानच्या दप्तरात ओळ सापडली ती एकच: 'धनगराची मुलगी मायाक्का, हिचे लग्न खांड्याशी लागले.' हलक्या कुळाच्या मांडवात राजा स्वतः कशाला जाईल? त्यानं आपला खांडा, म्हणजे ती रुंद पात्याची तलवार, पाठवून दिला. पोरीनं तलवारीला माळ घातली आणि सासरी आली. एका ओळीची शंभर पानं करा, रावजी म्हणाले होते, उरलेली जागा सद्गुणांनी भरा.

पण मथुराबाई पडल्या चिवट. सांगोल्याकडच्या माळावर पायपीट करून त्यांनी राणीची दासी शोधून काढली. ती म्हाळसाबाई, ऐंशीला टेकलेली, आत्ता छापखान्यातच कागदाच्या गठ्ठ्याला टेकून सुपारी कातरत बसली होती.

रावजींनी दाखला मागितला. मथुराबाई म्हणाल्या, आजी, सांगा यांना.

म्हाळसाबाईनं अडकित्ता मिटला आणि सगळं सांगितलं. पंगतीत मायाक्काला इतर राण्यांच्या खालच्या अंगाला बसवायचे. का, तर तुझं लग्न राजाशी कुठं लागलंय, तलवारीशी लागलंय. बारा वर्षं तिनं ते मुकाट ऐकून घेतलं. मग राजा वारला आणि त्याच बायका तिच्या बांगड्या फोडायला दारात आल्या. म्हाळसाबाई तेव्हा तिच्या पाठीशीच उभी होती. मायाक्कानं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि म्हणाली,

"माझं लगीन खांड्याशी लागलंय न्हवं? त्यो अजून धडधाकट हाय. आदी त्यो मोडा, मग माझ्या बांगड्या फोडा."

संस्थानचा खांडा मोडायची कुणाची छाती? त्या बायका आल्या पावली परत गेल्या. राणी पुढं तीस वर्षं जगली, हिरव्या चुड्यात आणि कपाळभर कुंकवात. ती गेली तेव्हा म्हाळसाबाईनंच सवाष्ण म्हणून तिची ओटी भरली.

रावजी म्हणाले, दासीच्या बडबडीवर चरित्रं लिहीत नसतात. मग मथुराबाईंच्या मोकळ्या कपाळाकडं बघत त्यांनी आवाज उतरवला.

"तुम्ही स्वतः विधवा. तुम्हाला असलं लिहिणं शोभतं का?"

एकोणिसाव्या वर्षी मथुराबाईंच्याही बांगड्या फोडल्या होत्या आणि तेव्हा त्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. माळावर राणीचं हे बोलणं ऐकलं त्या दिवशी त्या आधी रडल्या होत्या आणि मग पोट धरून हसल्या होत्या. एवढ्या जन्मात एका बाईला उत्तर सुचलं होतं, ते काय पुसून टाकायचं?

"मलाच शोभतं," त्या म्हणाल्या. "आणि दाखला तुमच्याच दप्तरात आहे. लग्न खांड्याशी लागलं, ही ओळ तुम्हीच मला दिलीत. ती खोटी असेल तर बारा वर्षं त्यांना खाली का बसवलंत ते लिहिते. खरी असेल तर माझं शेवटचं पानही खरं."

रावजींनी छत्री उचलली. संस्थान या पुस्तकाला हात लावणार नाही, वर राजमुद्रा दिसली तर याद राखा, एवढं बजावून ते दाराकडं वळले.

मथुराबाईंनी शरणप्पांना सांगितलं, राजमुद्रा काढून टाका, नुसती दोन नावं ठेवा, राणीचं आणि माझं.

शरणप्पांनी मान खाजवली. संस्थानची पंचांगं, लग्नपत्रिका, सगळं काम त्यांच्याकडंच यायचं, आणि ते आता हातचं जाणार हे दिसतच होतं. त्यांनी एकदा कारभाऱ्यांच्या पाठीकडं पाहिलं, एकदा म्हातारीकडं, आणि खिळ्यांच्या खणात हात घातला.

"सांगा बाई. शेवटची ओळ राहिलीय की."

म्हाळसाबाईनं बसल्या जागेवरून हाक मारली. "ओ कारभारी. खांडा अजून पुजता न्हवं दसऱ्याला?"

रावजी उंबऱ्यात थांबले. दरसाल पूजतो, म्हणाले, त्यात काय विचारायचं.

"मग हाय त्यो अजून," म्हातारी मथुराबाईंना म्हणाली. "लिवा."

मथुराबाई शाळेत शुद्धलेखन घालतात तशा सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगू लागल्या आणि शरणप्पा खिळे लावू लागले.

"राणीसाहेबांच्या पश्चात त्यांचे पती, संस्थानचा खांडा, हयात आहेत."