खिडकीजवळचं टेबल

धाकट्या जावयाला खिडकीजवळचं टेबल अखेर मिळालं. पण तूर्तास ते मिळालंच नाही असं धरून चालू.

सासूबाई दोन दिवसांसाठी आल्या होत्या. "कोपऱ्यावरच्या त्या हॉटेलात लेक, जावई आणि मी अशा तिघांनी एकत्र बसून रविवारचा नाश्ता केल्याशिवाय मी काही जायची नाही," म्हणाल्या. तिथे रांग दोन तासांची आणि सासूबाईंचे गुडघे वीस मिनिटांत संप पुकारणारे. असे पाच रविवार गेले.

शेवटी जावयाने डोकं लढवलं. तिथल्या नोकरांच्या घरच्यांना रांग नसते असं कळताच तो रविवारचा वेटर म्हणून कामाला लागला.

सहाव्या रविवारी सासूबाई रांगेकडे ढुंकूनही न बघता लेकीला घेऊन आत शिरल्या आणि खिडकीजवळ बसल्या.

"जावईबापू, उभे का? बसा की!"

"कसा बसू? हे टेबल माझ्याकडे आहे," फडकं मारत तो म्हणाला.

सासूबाईंनी ऑम्लेट चवीने संपवलं. "झकास! पण तिघं एकत्र कुठे बसलो? आता पुढच्या रविवारी."

दुपारी हॉटेलमालकापुढे जावयाचा अर्ज आला: "महोदय, सोबत सासूबाई जोडत आहे. अर्जदारास येत्या रविवारी पंधरा मिनिटांपुरते गिऱ्हाईक समजण्यात यावे, ही नम्र विनंती."