इस्त्रीचा डाग

मुलीला मूठमाती दिल्यापासून मावशी चर्चची पायरी चढल्या नव्हत्या. आज आल्या त्या फक्त किल्ली परत करायला. वेदीवरचं पांढरं कापड दर आठवड्याला धुऊन, इस्त्री करून अंथरायचं काम वर्षानुवर्षं त्यांचंच. "दुसरं कुणी बघा, फादर. मी देवाशी बोलणं टाकलंय." किल्ली ठेवायला मावशी वेदीशी वाकल्या, तसं मेणबत्तीचं तबक सरकलं. खाली कापडावर अख्ख्या इस्त्रीच्या आकाराचा जळका डाग, कडेला फिकट, मध्ये गडद. "कुणाचे हे प्रताप?" "माझेच," फादर खाली बघत म्हणाले. "तुमची जागा दुसऱ्या कुणाला द्यायला मन होईना." मावशी बराच वेळ डागावरून बोट फिरवत राहिल्या. मग त्यांनी कापड काढून काखेत मारलं. "रविवारच्या आत आणते. प्रार्थना मात्र करणार नाही." "नका करू," फादर म्हणाले. किल्ली मावशींच्या मुठीतच राहिली.