कासवाचं चित्र

आमच्या थोरल्याने मोठ्या हौसेने इलेक्ट्रिक गाडी घेतली. वर्षभरात तिला एक खोड लागली. चालता चालता समोरच्या पडद्यावर कासवाचं चित्र पेटायचं आणि गाडीतला दमच जायचा. मग पेडल कितीही दाबा, ताशी पंधराच्या पुढे जायला ती तयार नाही. वर्कशॉपवाल्यांनी दर वेळी कॉम्प्युटर लावला आणि "दोष दिसत नाही" म्हणून हात झटकले. आता तर ते कासव विझेचना, म्हणून गाडी विकायला काढली.

सून म्हणाली, "घेणाऱ्याला खरं काय ते सांगा. मोठ्या रस्त्यावर मागून ट्रक येऊन धडकला तर? कुणाच्या जिवाशी खेळ नको."

"खरं सांगितलं तर घेतंय कोण? बसेल माझ्याच उरावर जन्मभर!"

रविवारी एक मावशी गाडी बघायला आल्या. मीही सोबत बसलो. चक्कर मारायला निघालो आणि चौकातच एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं. थोरल्याचा चेहरा पडला. त्याने सगळं सांगून टाकलं.

"मावशी, मोठ्या रस्त्याला न्यायची नाही हिला."

"आम्हाला बाजारापुरतीच हवी रे. पण दुरुस्त होणारच नाही म्हणतोस? नक्की?"

"नाही हो. सगळे हरले."

मावशींनी गाडीतूनच लेकीला फोन लावला.



"अगं, बाबांचं लपवलेलं लायसन्स काढ बाहेर. आता किती भरधाव पळवतात, बघतेच मी!"