डुप्लिकेट

बाईंनी तयार किल्ली घ्यायला हात पुढे केला, किल्लीवाल्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि किल्ली तशीच टाकून त्या ढसाढसा रडायला लागल्या.

"गेला हो," त्या म्हणाल्या. "हेलिकॉप्टर पडलं. धुक्यात डोंगरावर आदळलं म्हणे. कुणीच वाचलं नाही."

कोण गेला, हे विचारायची त्याला गरजच पडली नाही. त्याचं तोंड बघून लोकांना जगात एकच माणूस आठवायचा: देशाच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर, सगळ्यांचा लाडका कप्तान. तेच नाक, तीच रुंद हनुवटी, हसताना तसाच बारीक होणारा उजवा डोळा. बाजारात सगळे याला डुप्लिकेट म्हणत. नवख्याला वाटायचं, किल्ल्या करतो म्हणून म्हणत असतील.

त्याला वाईट वाटलंच. पण तो घाबरला तो दुसऱ्याच कारणाने. घरी आई टीव्हीसमोर बसलेली होती.

तीन वर्षांपूर्वी आई एकेक गोष्ट विसरायला लागली. आधी नावं, मग वार, मग माणसं. एका संध्याकाळी तो कामावरून घरी आला, तेव्हा कप्तानाची मॅच नुकतीच संपली होती. आई एकदा पडद्याकडे बघायची, एकदा त्याच्याकडे. "काय रे, आत्ता तर तिथं होतास!"

"मॅच संपली, आलो तडक," तो गमतीने म्हणाला.

त्या दिवशी आई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. मग ती गंमत मोडणं त्याच्या जिवावर आलं. कानशीने सोललेली त्याची बोटं हातात घेऊन ती हळहळायची, "किती जोरात मारतात रे मेले चेंडू!" तिच्यासोबत बसणाऱ्या शेजारच्या वहिनीही या नाटकात सामील झाल्या. आई सगळं जग विसरली, पण लेकाचा चेहरा तेवढा विसरली नाही. विसरणार कशी, तो दिवसातून दहा वेळा टीव्हीवर यायचा. हे त्याला कळत होतं, आणि म्हणूनच त्याने ते खोटं जपलं होतं.

त्याने वहिनींना फोन लावला. लागेना. सगळं शहर एकाच वेळी फोनला चिकटलं होतं. त्याने शटर ओढलं आणि तो पायीच निघाला.

घर वीस मिनिटांवर होतं. पण कोपऱ्यावरच एका स्कूटरवाल्याने करकचून ब्रेक मारला, खाली उतरून त्याला मिठी मारली आणि सोडेचना. मागून दोघी आल्या, मग चौघे, मग घोळकाच झाला. कुणी नुसता हात लावून बघत होतं, कुणी फोटो काढत होतं. एका म्हातारबाबांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते म्हणाले, "काय घाई होती रे तुला?" तो "मी नाही, मी नाही" म्हणत राहिला, पण ऐकणार कोण? बुटांच्या दुकानाबाहेर कप्तानाच्या पोस्टरखाली मेणबत्त्या लावल्या होत्या. तिथला एक जण तर अंगावरच आला. "आजच्या दिवशी हे तोंड घेऊन फिरायला लाज नाही वाटत?"

त्याने रुमाल नाकापर्यंत बांधला आणि मागच्या गल्ल्यांतून पळत सुटला. आईने बघायच्या आत पोचायचं, एवढंच डोक्यात होतं. आणि बघितलं असेल, तर समोर उभं राहायचं. जिवंत लेक समोर दिसल्यावर टीव्हीवर कोण विश्वास ठेवील?

दार उघडंच होतं. टीव्ही चालू होता. वहिनी दारातच डोळे पुसत उभ्या होत्या.

"मी बंद करायला गेले हो भावजी. त्यांनी रिमोटच दिला नाही. सगळं बघितलं त्यांनी."

आई खुर्चीत ताठ बसली होती. डोळे कोरडे होते. त्याने रुमाल ओढून काढला, तिच्यापुढे गुडघे टेकले आणि तिचे दोन्ही हात धरले.

"आई, हा बघ मी. मला काही झालेलं नाही. मी आलोय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं नीट निरखून झालं. मग तिने हलकेच हात सोडवून घेतले आणि आपल्या कपाळावर आलेले केस मागे सारले.

"या," ती म्हणाली. "बसा ना वर. खाली कशाला बसलात?"

जन्मात पहिल्यांदा आई त्याला अहोजाहो करत होती.

"आई, अगं मीच आहे! मी कधी खेळलोच नाही. मी किल्ल्या करतो. ते सगळं मी तुला खोटं सांगत होतो." बोलता बोलता त्याला रडू फुटलं. बातमी ऐकून रडलेल्या सगळ्या शहरात रडायचा राहिलेला तो एकटाच होता.

आईला त्याची दया आली. तिने पुढे वाकून त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"दिसता मात्र अगदी त्याच्यासारखे," ती म्हणाली. "मघापासून टीव्हीवर कितीजण येऊन गेले, पण असं कुणी रडलं नाही हो. फार जीव होता का तुमचा त्याच्यावर?"

त्याने बाहीने डोळे पुसले.

"घरी आई आहे ना तुमची?"

त्याने मान हलवली.

"मग इथं थांबू नका. जा तिच्याकडे. टीव्हीवर बातमी बघून घाबरली असेल बिचारी."