सत्काराचं पुस्तक

वाचन सप्ताहाच्या उद्घाटनाला आलेल्या आमदारांनी भेटीवरचा चकचकीत कागद फाडला आणि फोटोसाठी पुस्तक उंच धरलं. तिसऱ्या रांगेतल्या हेमलता कांबळी ताडकन उठल्या.

"अहो तावडे, हा तर दुसरा भाग! दिवाळीपासून मागतेय मी, आणि दर वेळी तुम्ही म्हणता, बाहेर गेलाय. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. पहिला भाग मी त्यांना वाचून दाखवला. रोज विचारतात, त्या पोरीचं पुढे काय झालं गं? काय सांगू त्यांना, तुमचं डोकं?"

ग्रंथपाल तावडे धावत स्टेजच्या कडेला आले आणि कुजबुजले. हातातला माइक चालूच होता. "वहिनी, हळू बोला. ते सत्काराचं पुस्तक आहे. दर वर्षी तेच देतो. पाहुणे शाल नेतात, नारळ नेतात आणि पुस्तक खुर्चीवर ठेवून जातात. कार्यक्रम संपला की तुम्हीच उचला."

सगळा हॉल खो खो हसला. आमदार लालबुंद झाले. "म्हणजे आम्ही वाचत नाही? बघाच आता. हे मी घरी नेणार, आणि वाचणारसुद्धा!" शाल-नारळ खुर्चीवर आपटून, पुस्तक काखेत मारून ते तरातरा गाडीत जाऊन बसले.

हेमलताबाई अनवाणीच मागे धावल्या आणि काचेवर थडाथडा हात मारत ओरडल्या, "अहो साहेब, दुसरा भाग आहे तो! वाचायचंच असेल तर आधी पहिला वाचा ना!"