आठ दिवसांची बाटली

व्हर्ननच्या जुन्या गाडीच्या इंजिनातलं हेड गॅस्केट गेलं, आतलं पाणी गळायला लागलं. मेकॅनिक म्हणाला, "म्हाताऱ्या, दुरुस्तीच्या पैशात दुसरी गाडी येईल. ही बाटली रेडिएटरमध्ये ओत. गळती आठ दिवस बुजेल, मग पुन्हा असाच गोडसर पांढरा धूर येईल आणि इंजिन बंद पडेल. तेवढ्यात कुणाच्या तरी गळ्यात मार."

व्हर्ननने बाटली ओतली, गाडी धुतली आणि जाहिरात दिली. शेजारच्या गावची डोरीन आली.

"थंडीत दगा तर देणार नाही ना हो?"

"माझ्या बायकोला, लोर्नाला, हिच्यातूनच केमोला नेत होतो," व्हर्नन म्हणाला. हे मात्र खरं होतं.

गाडी गेली. आता लोर्नाला केमोसाठी घाटापलीकडे, दोनशे मैल कोण नेणार? चर्चने एक स्वयंसेवक बाई मिळवून दिल्या.

नवव्या दिवशी सकाळी, उणे तीस अंशांत, दारात हॉर्न वाजला. गाडीतून डोरीन उतरली.

"पेशंट तुमच्याकडचा आहे होय! अहो, या कामासाठीच तर ही घेतली मी. माझ्या खटाऱ्यावर घाटात भरवसा नव्हता."

"अगं बाई, आपलीच गाडी!" लोर्ना आनंदाने आत बसली. मागच्या नळकांड्यातून पांढराशुभ्र धूर निघत होता, गोडसर वासाचा. व्हर्नन त्याच्याकडे बघत राहिला.

"काय रे, काही सांगायचंय का?" लोर्नाने काच खाली करून विचारलं.

"थांब जरा," व्हर्नन म्हणाला. तो घरात गेला आणि आणखी एक कांबळं आणून त्याने तिच्या पायांवर नीट पांघरलं.